आधी माती, मग गाडी

बागेत छोटी रेल्वे करायची असे कुणी मनावर घेतले की पहिली चौकशी इंजिनाची होते. कोणत्या कंपनीचे घ्यावे, केवढ्याला पडते, वाफेवरचे बरे की बॅटरीवरचे, शिट्टी वाजते का, धूर निघतो का. मग डबे, मग स्टेशन, जमलेच तर एखादा बोगदा. रूळ कशावर टाकायचे हा प्रश्न अगदी शेवटी येतो आणि 'जमिनीवर, आणखी कशावर?' एवढ्यावर तो निकालातही निघतो. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून असलेल्या नगर जिल्ह्यात, तो फार महागात पडणारा आहे. इथे बागेतली रेल्वे सुरू करायची तर पहिले वर्ष माती, उतार आणि पाणी यांना द्यावे. रूळ त्यानंतर आणि इंजिन सगळ्यांच्या मागून आणावे. शिस्तीच्या हौसेपोटी मी हे सांगत नाही. त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे, या जिल्ह्याची जमीन आहे, आणि महाराष्ट्रातल्या छोट्या रेल्वेमार्गांचा सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे.

रेल्वेच्या लहान प्रतिकृती महाराष्ट्राला नव्या नाहीत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथली मांडणी एचओ मापाची, म्हणजे मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्शाची. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. ती मांडणी छपराखाली आहे, आणि हे छप्परच इथे महत्त्वाचे ठरते. बागेत चालणाऱ्या गाड्यांचे माप याहून पुष्कळ मोठे असते. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये 'एलजीबी' या नावाने जे माप रूढ केले, त्यात रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर आणि प्रमाण एकास साडेबावीस. हिशेब केला तर ती जवळजवळ मीटरगेजची प्रतिकृती होते. पण घरातली आणि बागेतली रेल्वे यांतला खरा फरक मापाचा नसून वरचे छप्पर जाण्याचा आहे. डबा साडेबावीस पटींनी लहान करता येतो, पावसाचा थेंब करता येत नाही. वळवाच्या सरीतला पाच मिलिमीटरचा थेंब त्या छोट्या जगात अकरा सेंटिमीटरचा गोळा होऊन खडीवर आदळतो. बागेतली जमीन सेंटिमीटरभर खचली, तर खऱ्या मार्गावर वीतभर भराव खचल्यासारखे होते, आणि खऱ्या मार्गावर तेवढ्यासाठी गाडी थांबवतात. ऊन, पाऊस, माती, गुरुत्वाकर्षण यांना आपले प्रमाण ठाऊक नसते. त्यामुळे इंजिन खेळण्यातले असले तरी मार्ग खेळण्यातला करून चालत नाही. त्याचे बांधकाम खऱ्या अभियांत्रिकीच्या नियमांनीच करावे लागते.

आता ही जमीन कोणती ते पाहू. नगर जिल्हा एका मातीचा नाही. पारनेर, पाथर्डी, संगमनेरच्या पठारी भागांत हातभर खणले की मुरूम लागतो. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या काठाने राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासे या पट्ट्यात मात्र काळी जमीन खोलवर गेलेली. ही काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत हात जातो. पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन वर उचलली जाते. ज्यांनी या मातीवर कमी पायाच्या खोल्या बांधल्या, त्यांच्या भिंतींवर याची नोंद तिरक्या चिरांनी झालेली असते. ज्या जमिनीवर घर हलते, तिच्यावर काही किलो वजनाची रुळांची माळ जागच्या जागी राहील ही अपेक्षा भाबडी आहे. कालव्याच्या भागात त्यात आणखी भर पडते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखालच्या काही जमिनी पुढे पाणथळ आणि चोपण झाल्या. तिथे ओल वरून जितकी येते तितकी खालूनही येते. तेव्हा पहिले काम म्हणजे आपल्या परसात काय आहे ते खणून पाहणे. मुरूम असेल तर निम्मे काम झाले. काळी असेल, तर मार्गाच्या आखणीवर फूट-दीड फूट माती काढून टाकावी, तळाशी आणि बाजूंनी जाड विणीचे पाणी झिरपणारे कापड घालावे म्हणजे चिखल वर चढत नाही, आणि चार-चार बोटांच्या थरांत मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकावा. खरी रेल्वेही काळ्या मातीवर थेट खडी टाकत नाही, मध्ये चांगल्या मातीमुरुमाचा थर देते. कारण एकच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा पर्जन्यछायेतला जिल्हा, इथे पावसाची एवढी धास्ती कशाला? अकोले तालुक्यातला घाटघर-भंडारदऱ्याचा मुलूख सोडला तर जिल्ह्याच्या बहुतेक भागात पाऊस बेताचाच, हे खरे. पण मार्गाला धोका असतो तो ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यांचा. वर्षभरात एकूण पाऊस किती झाला याला तिथे कमी महत्त्व. कोकणातली जमीन चार महिने भिजून राहते. इथली जमीन जूनमध्ये भिजते, जुलैच्या उघडिपीत तडकते, परतीच्या पावसात पुन्हा फुगते, आणि प्रत्येक फेरीत रुळाखालचा एखादा भाग वर, एखादा खाली होतो. शिवाय कमी पावसाचा मुलूख म्हणजे हलक्या पावसाचा मुलूख नव्हे. महिन्याचा पाऊस एका रात्रीत पडून मोकळा होणे इथल्या कुणालाही नवे नाही. दुसरा आक्षेप गवंड्याचा: कशाला ही उठाठेव, चार इंच काँक्रीट ओता आणि वर रूळ ठोका. मुरमाड जमिनीवर किंवा शहरातल्या फरसबंद अंगणात ते चालून जाईल. कमरेएवढा विटांचा कट्टा बांधून त्यावर मार्ग नेला तर वाकण्याचा त्रासही वाचतो. पण फुगणाऱ्या मातीवरची पातळ पट्टी मातीबरोबर हलते आणि जिथे चिरते तिथेच रूळही मोडतो. खडीवर टाकलेला रूळ हलला तरी उचलून, खाली खडी दाबून पुन्हा समतल करता येतो. खऱ्या मार्गावर दर मोसमात गँगच्या माणसांनी हेच केले आहे; मार्ग न हलणे कुणाच्याच हातात नव्हते, हलला की सहज दुरुस्त होणे हाती होते. बागेतही तेच धोरण शहाणपणाचे. खडी मात्र खडीक्रशरवरची बारीक, टोकदार कच असावी. नदीतले गोल खडे दिसायला गोजिरे असतात, पण ते एकमेकांत अडकत नाहीत आणि पहिल्याच मोठ्या सरीत घरंगळतात.

माती झाली की पाणी आणि उतार, आणि इथे नगरकराला बाहेरून काही शिकावे लागू नये. १४९० मध्ये वसलेल्या या शहराने निजामशाहीत बागा केल्या त्या उताराच्या हिशेबावरच. दूरच्या विहिरींचे आणि तलावांचे पाणी खापरी नळांनी, केवळ जमिनीच्या उतारावर, शहरात आणि बागांत आणलेले होते. सावेडीकडचा भिस्तबाग आणि १५८३ मध्ये पुरा झालेला, तलावाच्या मधोमध उभा असलेला फराहबागेचा महाल ही त्याच विद्येची फळे. नळाला उतार जास्त दिला तर पाणी सांधे फोडते, कमी दिला तर गाळ बसतो. गाडीचेही असेच असते. शंभराला दोन हा चढ बागेतल्या गाडीला सोसतो, तीनच्या पुढे डबे कमी करावे लागतात. हे अंक किरकोळ वाटतात, पण कागदावर मांडले की डोळे उघडतात. मार्गाने स्वतःलाच वरून ओलांडावे अशी हौस बहुतेकांना असते. खालून गाडी जाण्याइतकी उंची आणि पुलाची जाडी धरून २५ सेंटिमीटर वर चढायचे, तर शंभराला दोनच्या हिशेबाने साडेबारा मीटर चढण लागते आणि खाली यायला तेवढाच उतार. म्हणजे एका पुलासाठी २५ मीटर रूळ. हे इंजिन घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. समपातळी रेषा काढायला लागते काय, तर दोन काठ्यांना बांधलेली पाण्याची पारदर्शक नळी. गवंडी ती रोज वापरतो. पाणलोटाच्या कामात सुधारलेल्या रूपात तिलाच हायड्रोमार्कर म्हणतात. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारने समपातळी चर आणि बांधांची किमया साऱ्या देशाला दाखवली तो हाच जिल्हा. पळणाऱ्या पाण्याला चालायला, चालणाऱ्याला रांगायला आणि रांगणाऱ्याला जिरायला लावायचे, हे इथल्या ग्रामसभांतून घोकले गेलेले सूत्र बागेतल्या रेल्वेला जसेच्या तसे लागू पडते. मार्गाच्या वरच्या अंगाला चर, चराचे पाणी एखाद्या झाडाच्या आळ्यात, आणि जिथे ओघळ मार्गाला आडवा येतो तिथे शोभेसाठी नव्हे तर पाण्यासाठी ठेवलेली मोरी. छोट्या रेल्वेवरचे पूल बहुतेक ठिकाणी कोरड्यावर उभे असतात. पावसाळा आधी पाहिला असेल तर पूल पाण्यावरच येतो.

क्रम बदलला की काय होते याचे सगळ्यात मोठे उदाहरण माथेरानचे आहे. पीरभॉय कुटुंबाने बांधलेला हा दोन फुटी मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. वीसात एक एवढा कडक चढ आणि डोंगराला लगटून जाणारी वळणे. इंजिन आधी ठरवून मार्ग त्याला जुळवला नाही. डोंगराने वळणे ठरवली आणि ऑरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीकडून अशी इंजिने करून घेतली, ज्यांचे कडेचे आस वळणावर सरकू शकत. इतके करूनही पाण्याने आपला हिशेब वसूल केलाच. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी २००७ मध्ये पुन्हा धावली. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झाले आणि नेरळपासून गाडी सुरू व्हायला २०२२ उजाडले. दोन्ही वेळा इंजिने शाबूत होती, गेला होता तो भराव. बार्शी लाइट रेल्वेचा दाखला याहून नेमका, आणि नगरच्या दक्षिणेला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी मार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू केला. पुढे तो पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेला. कॅलथ्रॉपने रुळापासून सुरुवात केली. यार्डाला ३० पौंडांचा हलका रूळ परवडतो, तो एका आसामागे पाच टन झेलतो, तेव्हा इंजिन असो की मालडबा, कुणाचाही आस त्याहून जड असता कामा नये, असा त्याचा दंडक. त्यातून लीड्सच्या किटसन कारखान्याची आठ चालकचाकांची इंजिने जन्मली: ताकद पुरेशी, पण वजन पसरलेले. गरीब मुलुखात रेल्वे परवडण्याजोगी झाली ती या उलट्या वाटणाऱ्या विचारामुळे. बागेत रेल्वे मांडणाऱ्याला कॅलथ्रॉपहून चांगला गुरू मिळणार नाही.

उन्हाची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. बागेतले रूळ बहुधा पितळेचे असतात, कारण ते गंजून खलास होत नाहीत आणि वीजही वाहून नेतात. नगरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात पडलेला धातू त्याहून कितीतरी तापतो. डिसेंबरच्या पहाटे तोच रूळ हाताला झोंबण्याइतका गार. पन्नास अंशांचा हा फरक धरला तर दहा मीटर पितळी रूळ सुमारे साडेनऊ मिलिमीटर लांबतो. ४५ मिलिमीटरच्या मार्गाला ही लांबी लपवायला जागा नसते. सांधे घट्ट असतील तर रूळ बाजूला पोट काढतो आणि गाडी उतरते. दहा मीटरमध्ये तीस सेंटिमीटरचे तुकडे जोडले तर साधारण तेहतीस सांधे येतात, म्हणजे सांध्यामागे पाव मिलिमीटरहून किंचित जास्त फट हवी: एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. हिवाळ्यात रूळ टाकत असाल तर प्रत्येक सांध्यात पोस्टकार्ड सरकवून मग ते काढून घ्यावे. भर उन्हाळ्यात टाकत असाल तर सांधे भिडवले तरी चालतात. खऱ्या मार्गावर १३ मीटरच्या पोलादी रुळांमध्ये फिशप्लेटपाशी जी फट असे, तिचे कारण हेच. आणि रूळ खाली खिळ्यांनी जखडू नयेत, खडीत नुसते बसू द्यावेत, म्हणजे त्यांना ताणायला-आकसायला वाव राहतो. लाकडी स्लीपरचा मोह इथे वाळवीमुळे टाळावा. आणखी दोन शत्रू दिसायला हिरवे आणि निरुपद्रवी असतात: हराळी खडीखालून धावत जाते, आणि लव्हाळ्याचा टोकदार कोंब प्लास्टिकचा कागदसुद्धा भोकून वर येतो. दोघांचाही नायनाट रूळ टाकण्याआधी, गाठी वेचूनच होतो; नंतर फक्त चिडचिड होते.

माप आणि गाडी यांची निवड इतके झाल्यावर आपोआप आकाराला येते. दौंड-मनमाड हा १८७८ मध्ये उघडलेला मार्ग सबंध जिल्हा उभा छेदून जातो. भीमेकडून नगरच्या पठारावर चढतो, विळद-वांबोरीच्या अंगाने राहुरीच्या सखल पट्ट्यात उतरतो आणि पुणतांब्याला गोदावरी ओलांडतो. स्वाभाविकच इथल्या माणसाला आपल्या बागेत हीच ब्रॉडगेज हवीशी वाटते. पण हिशेब पाहा. १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज ४५ मिलिमीटरच्या रुळावर आणली तर प्रमाण एकास सदतीस पडते. साडेतेवीस मीटरचा आजचा डबा ६३ सेंटिमीटरचा होतो आणि अठरा डब्यांची एक्सप्रेस अकरा मीटरहून लांब. ती ज्या वळणावर शोभेल, ते वळण सामान्य बंगल्याच्या आवारात मावत नाही. उलट ३२ मिलिमीटरच्या रुळावर एकास एकोणीस या प्रमाणात माथेरानसारखी दोन फुटी गाडी करता येते. डबे आखूड, वेग संथ, वळणे आवळ. चार डब्यांची गाडी तिथे पूर्ण वाटते, तर चार डब्यांची एक्सप्रेस अपघातातून वाचल्यासारखी दिसते. ज्याला दौंड-मनमाडच हवी, त्याने एकच स्टेशन, एक मालगाडी आणि थोडे डबे यांवर समाधान मानावे. त्यात कमीपणा नाही. चालवण्यासाठी बॅटरी आणि रिमोट हा इथे योग्य पर्याय, कारण धुळीने आणि ओलीने पितळेवर थर चढतो, रुळांतून वीज पुरवायची तर तो रोज घासावा लागतो, आणि भारनियमनाचा प्रश्नही बॅटरीने सुटतो.

आता राहिले दोन आक्षेप, जे मला सगळ्यात वजनदार वाटतात. एक, ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथे ही परदेशी चैन कशासाठी? चैन आहे हे मान्य. मोठ्या मापाचे परदेशी इंजिन सहज अर्ध्या-एक लाखाच्या घरात जाते. पण पाण्यावर तरी ही बाग भार टाकत नाही. रेल्वेच्या बागेला हिरवळ नको असते, तिला खडी, मुरूम आणि लहान पानांची झाडे लागतात: छाटून वृक्षासारखा केलेला जेड, चिनी गुलाब, छोटी घायपात, एखादी बुटकी बोगनवेल. लॉनच्या तुलनेत तिला पाणी फारच थोडे लागते. खर्चाचे म्हणाल तर आधी माती ही पद्धत खर्चालाही वेसण घालते. खणणे, मुरूम, कच हे सगळे गावातले. डबे लाकडात आणि पत्र्यात घरी करता येतात, चाके लेथवाल्याकडून कातून घेता येतात. आणि ज्याने चढ, वळण आणि गाडीची लांबी आधी ठरवली आहे, तो न चालणारे इंजिन विकत घेत नाही. दोन, वर्षभर नुसती माती उकरत बसले तर हौसच विरून जाईल, विशेषतः घरात मुले असतील तर. या भीतीत तथ्य आहे. त्यावर माझे उत्तर इतकेच की मुलांसाठी एक साधी गोल मांडणी गच्चीत किंवा व्हरांड्यात खुशाल चालू ठेवावी. मात्र तिला बागेची रेल्वे समजू नये. आणि मुलांना मातीचे काम कंटाळवाणे वाटते हा मोठ्यांचा समज आहे. नळीने पाणी सोडून ते कुठे वळते, कुठे तुंबते, कोणत्या मोरीतून जाते हे पाहण्यात मुले तासन्‌तास रमतात. इंग्लंडमध्ये बेकन्सफील्ड इथल्या बेकनस्कॉट या प्रतिकृती-गावात १९२९ पासून बागेत रेल्वे चालते आहे. जवळजवळ शतकभर उघड्यावर गाड्या टिकतात त्या रोजच्या देखभालीवर. ज्याला मार्गाची निगा हाच छंदाचा भाग वाटत नाही, त्याची हौस इंजिन आल्यावरही विरतेच, फक्त जास्त पैसे घालवून.

वेळापत्रकही इथल्या ऋतूंनीच आखून दिलेले आहे. ज्येष्ठात बागेत खुंट्या ठोकून ठेवाव्यात आणि पावसाळाभर पाणी कुठून येते, कुठे साचते याच्या खुणा त्यांवर कराव्यात. पाऊस सरल्यावर, जमीन अजून नरम असताना, आखणी करून खणावे. हिवाळ्यात मुरूम भरून ठोकावा. पुढचा एक पावसाळा त्या उघड्या भरावावरून जाऊ द्यावा. जिथे खचायचे तिथे तो खचेल, मोरी लहान पडली असेल तर कळेल, आणि हे सगळे मूठभर मुरमाच्या खर्चात कळेल. मग दिवाळीच्या सुमारास रूळ. या क्रमात एक फायदा असा आहे, जो इंजिनापासून सुरुवात करणाऱ्याला कधीच मिळत नाही: मध्येच मन बदलले तरी काही वाया जात नाही. चर खणलेले, उतार जुळवलेले, लव्हाळा काढलेले आवार घराच्या पायाला आणि झाडांना उपयोगीच पडते. म्हणून ज्याला खरोखर सुरुवात करायची आहे त्याने आज गवंड्याच्या सामानाच्या दुकानातून दहा मीटर पारदर्शक नळी आणावी. या छंदात पुढे जो खर्च होईल, त्यात न चुकणारा म्हणून खात्रीने सांगता येईल असा हा एकच.